आजीचा उरलेला दोरा

आजीच्या शेवटच्या गोधडीत सुई अजून टोचलेलीच होती. ती गेल्याला आठ महिने झाले. तलासरीला घरी गेलो की मी पेटीतून ती गोधडी काढायचो, बघायचो आणि परत घडी घालून ठेवायचो. कोड लिहून पोट भरणारा मी, पण त्या सुईला हात लावायला घाबरत होतो.

त्याला कारण होतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला तर एकामागून एक धक्के बसले, त्यातला मोठा रिश्टरवर ४ च्या पुढचा. रात्री घरात झोपायची कुणाची छाती होईना. आम्हीही अंगणात ताडपत्रीखाली झोपायचो. थंडीत गोधड्या कमी पडायला लागल्या, तशी आजी जुन्या साड्या घेऊन बसली. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, घरी आलो होतो, म्हणून मदतीला लागलो.

माझी ओळ संपल्यावर मी दोऱ्याला एकावर एक तीन गाठी मारल्या आणि दोरा गाठीलगत कापला. भक्कम वाटलं. दोन धुण्यांत अख्खी ओळ उसवली.

आजी म्हणाली, "अरे, गाठ वर ठेवलीस ना. दगडावर आपटताना पहिली तीच झिजते."

मग तिने दाखवलं. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. टोकाला एक बारीक गाठ मारायची. सुई वरच्या कापडातून थरांमध्ये घालून थोडं पुढे काढायची आणि दोऱ्याला हलका हिसका द्यायचा. टक् करून गाठ आत जाते. वरचं भोक नखाने सारखं करायचं. दोरा चार बोटं उरला की थांबायचं. त्याच जागी दोन उलटे टाके घ्यायचे, सुई थरांमधून बोटभर लांब नेऊन बाहेर काढायची, दोरा जरा ताणून कापायचा. टोक आपोआप आत सरकतं. दोरा सुतीच हवा, नायलॉनची गाठ घसरते.

गेल्या रविवारी शेवटी गोधडी उलगडली. सुईत दोरा होता, वीतभर. आजी तो संपवायच्या आधीच उठली होती.

तिच्याच दोऱ्याने मी पुढचे टाके घातले. चार बोटं उरल्यावर थांबलो, दोन उलटे टाके घेतले, टोक आत सोडलं. मग नवा दोरा ओवला, तिच्या शेवटच्या टाक्यांच्या थोडा मागून सुरू केला.

माझे टाके तिच्यापेक्षा मोठे आहेत, वाकडेही. ती कुठे थांबली हे कुणालाही दिसेल. मी दोन्ही बाजूंनी कापड धरून जोरात ओढून पाहिलं. जोड सुटला नाही.

अजून अकरा ओळी बाकी आहेत.