इंजिन खोलण्याआधी

ट्रॅक्टरचं इंजिन खोलायचं की नाही, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा निर्णय. तो बऱ्याचदा चुकीच्या खुणेवरून घेतला जातो. मालक गेजची काडी ओढतो, ऑईल काळंकुट्ट दिसतं, आणि तो घाबरून म्हणतो, "मिस्त्री, इंजिन गेलं वाटतं." बाजूला उभा असलेला कुणीतरी लगेच हाफ इंजिन करून टाकायचा सल्ला देतो. अशा वेळी माझी एकच विनंती असते. आधी चेंबरमधलं ऑईल आणि फिल्टर मला नीट पाहू द्या, मग पान्याला हात लावू.

आमच्या वडीगोद्रीत धुळे–सोलापूर महामार्गाला जालना–अंबडकडून येणारा रस्ता मिळतो. गोदावरी जवळ, जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून गेलेला, म्हणून हा भाग उसाचा आणि मोसंबीचा. अंकुशनगरचा समर्थ कारखानाही याच पट्ट्यात आहे. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. फडातून पूर्ण ओझं घेऊन निघायचं, मग कारखान्याच्या रांगेत नंबर येईपर्यंत थांबायचं, रांग सरकली की इंजिन चालू करायचं, पुन्हा बंद. इंजिनाला ओझं सोसतं. असं सारखं थंड होऊन चालू होणं जास्त जड जातं, कारण सुरुवातीच्या क्षणी ऑईल सगळीकडे पोचलेलं नसतं. आणि हंगामात ट्रॅक्टर बसला तर नुसता ट्रॅक्टर बसत नाही. उचल देऊन आणलेली टोळी बसते, तुटलेला ऊस फडात वाळतो, त्याचं वजन घटतं आणि साखरही. इंजिनाचं दुखणं आधी कळणं इथे किती मोलाचं आहे, हे वाहतूकदाराला सांगावं लागत नाही.

ते आधी कळू शकतं. ज्या ऑईलला आपण जळकं म्हणून कडेला ओततो, त्यात ते लिहिलेलं असतं.

पहिली गोष्ट काळ्या रंगाची. डिझेल इंजिनात ऑईल काळं होणारच. जळणातून निघालेल्या काजळीचे कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. ऑईलमधली रसायनं त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, अधांतरी धरून ठेवतात, म्हणजे ते चेंबरच्या तळाशी किंवा रिंगांच्या खाचेत थर होऊन बसत नाहीत. ऑईल काळं झालं याचा अर्थ ते आपलं काम करतंय. नवं ऑईल टाकल्यावर लगेचच फार काळं झालं, तर नोजल किंवा पंप तपासावा, हवेची जाळी तुंबली आहे का पाहावं. पण नुसत्या रंगावरून इंजिन खोलू नये. ऑईल अजून काजळी पेलू शकतं का, हे टीपकागदावर कळतं. गरम ऑईलचा एक थेंब टाकायचा आणि काही तास तसाच राहू द्यायचा. डाग मऊ करडा होऊन सारखा पसरला, तर ऑईलमध्ये जीव आहे. मधेच दाट काळा गोळा आणि त्याला ठळक कडा आली, तर ऑईल थकलं. बाहेर पिवळसर फिकट वलय फार रुंद असेल तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा.

खरी भीती तीन गोष्टींची असते : पाणी, डिझेल आणि धातू. पाणी बघायला सकाळची वेळ चांगली. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चेंबरचा बोल्ट अगदी सावकाश ढिला करावा. पाणी ऑईलपेक्षा जड, त्यामुळे ते खाली बसतं आणि आधी बाहेर येतं. इंजिन चालवून दोन्ही घुसळलं गेलं, की ऑईलचं दूध होतं. मग हेडचं पॅकिंग, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा, ऑईल कूलर, नाहीतर हेडला गेलेली चीर, असा तपास करत जायचं. डिझेलची खूण उलटी असते. ऑईल कमी व्हायच्या ऐवजी गेजवर वाढतं, पातळ होतं आणि वासाने ओळखू येतं. गळकं नोजल किंवा फीड पंपाचा फाटलेला पडदा अशा कारणांनी डिझेल चेंबरमध्ये उतरतं. ऑईल वाढलं म्हणून खूश होणारा मालक मी पाहिला आहे. त्याला मी तिथेच थांबवतो, कारण पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला क्रँकपासून वेगळं धरून ठेवू शकत नाही.

धातूसाठी मात्र फिल्टरकडेच जावं लागतं. जुन्या ट्रॅक्टरला वाटीतला कागदी फिल्टर असतो, तो सरळ हातात येतो. नव्यांना डब्याचा फिल्टर असतो, तो कापावा लागतो. हॅक्सॉने कापू नये. पात्याचा आणि पत्र्याचा चुरा कागदावर पडतो, आणि मग तो इंजिनाचा की आपला, हे कुणालाच सांगता येत नाही. डब्याच्या कडेवरून फिरणारं चाकाचं कटर वापरावं. आतल्या कागदाच्या घड्या दोन्ही टोकांना ब्लेडने सोडवून पट्टी मोकळी करायची, दोन स्वच्छ पट्ट्यांमध्ये ठेवून वाइसमध्ये दाबायची, ऑईल निथळून गेलं की उन्हात पसरायची. पट्टीचा एक तुकडा वेगळा कापून पांढऱ्या ताटलीत स्वच्छ डिझेलने धुवायचा आणि ताटलीखालून चुंबक फिरवायचं.

चुंबकाबरोबर सरकतं ते लोखंड. ते लायनरचं, रिंगांचं, क्रँकचं, कॅमचं, गिअरचं. बोटाला राखेसारखा मऊ लागणारा करडा लेप थोडाफार असतोच, तो रोजच्या झिजेचा. पण कण बोटाला टोचत असतील, पापुद्रा किंवा तुकडा दिसत असेल, तर तिथे काहीतरी तुटतंय. चुंबकाला दाद न देणारे पांढरे चकचकीत कण बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे. खात्री करायची तर हातमोजे आणि चष्मा घालून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात एक कण टाकावा. ॲल्युमिनियम असेल तर बुडबुडे सुटतात. शिसं आणि कथील तापल्या सोल्डरिंगच्या टोकाला लागताच वितळतं. तांबूस-सोनेरी दिसतं ते बुशचं किंवा बेअरिंगच्या आतल्या थराचं.

या तांबूस रंगाबद्दल सविस्तर सांगायला हवं. क्रँकच्या बेअरिंगची वाटी बाहेरून एकसारखी दिसते, पण ती कांद्यासारखी थरांची असते. पाठीला पोलाद, त्यावर तांबं-शिशाचा थर, आणि क्रँकच्या बाजूला शिसं-कथलाचा मऊ मुलामा. हा मुलामा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा, इतका पातळ. ऑईलमधून आलेला बारीक कण तो स्वतःत रुतवून घेतो आणि क्रँक वाचवतो. मुलामा संपला की खालचं तांबं उघडं पडतं, आणि फिल्टरच्या कागदावर तांबूस चमक येते. एका ऊस वाहतूकदाराच्या ट्रॅक्टरमध्ये हेच दिसलं होतं. ऑईलचं प्रेशर ठीक, आवाज नाही, धूर नाही, ओढ पूर्ण. मालकाला पटेना. मी त्याला पट्टी उन्हात धरून दाखवली, मागच्या वेळची जपून ठेवलेली पट्टी शेजारी ठेवली. मग त्याने चेंबर उतरवू दिलं. वाट्या तांब्यापर्यंत घासल्या होत्या, क्रँक मात्र मापात होता. बेअरिंग बदलून ट्रॅक्टर पुन्हा ट्रॉल्यांना जुंपला. आणखी काही आठवडे चालला असता, तर क्रँक ओरखडला असता, तो उतरवून ग्राइंडिंगला न्यावा लागला असता, तो किती घासायचा, दहा थाऊ की वीस थाऊ, याचा हिशोब बसला असता, आणि तोवर हंगाम संपला असता.

उलटंही तितक्याच वेळा घडतं. काळ्या ऑईलमुळे खोलायला आणलेल्या इंजिनाचा फिल्टर स्वच्छ निघतो, कागदावर नुसती काजळी असते. अशा वेळी नोजल काढून तपासायला पाठवायचे, इंजिनाला हात लावायचा नाही. नीट बसलेलं इंजिन विनाकारण उघडणं म्हणजे त्यात धूळ जाऊ देणं, बसलेल्या जागा हलवणं आणि मालकाचा खिसा रिकामा करणं.

आमच्या भागातला मोठा वैरी धूळ. रोटाव्हेटर, मळणी, उन्हाळ्यातले मुरमाचे रस्ते, सगळीकडे ट्रॅक्टर धुळीतच असतो. गारगोटीच्या जातीचा धूलिकण साध्या पोलादाहून कठीण असतो. एअर क्लीनरच्या पुढच्या रबरी नळीला चीर गेली किंवा क्लिप ढिली राहिली, की हा कण थेट सिलिंडरमध्ये जातो आणि लायनर व रिंगांमध्ये कानशीसारखं काम करतो. भिंगाखाली त्याची झीज वेगळी दिसते. लेथवरून निघाल्यासारखे वळलेले बारीक धागे मिळतात. असं दिसलं तर रिंगा बदलण्याआधी हवेची वाट तपासावी. नळी तशीच राहिली, तर नव्या रिंगाही तशाच जातील.

कधी फिल्टरमध्ये धातू नसतोच, लिक्विड पॅकिंगचे रबरी धागे निघतात. आधीच्या कामात कुणीतरी ते हात सैल सोडून लावलेलं असतं. दिसायला निरुपद्रवी, पण हेच धागे ऑईल पंपाच्या जाळीवर बसले की वर ऑईल चढत नाही.

एका फिल्टरवरून मात्र निकाल देऊ नये. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरमध्ये चमक असतेच. पहिलं ऑईल पन्नास तासांच्या आसपास बदलायला सांगतात ते त्यासाठीच. पुढे बऱ्याच ट्रॅक्टरला अडीचशे तासांचा हिशोब असतो, कंपनीच्या पुस्तकात असेल तो धरावा. महत्त्वाचं असतं ते मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. म्हणून मी प्रत्येक ट्रॅक्टरची पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत तास आणि तारीख लिहून ठेवतो.

हे शास्त्र मोठ्या कारखान्यांत कधीचं रुळलं आहे. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न रेल्वेने १९४६ च्या सुमारास डिझेल इंजिनांच्या ऑईलमधला धातू प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशा प्रयोगशाळा आहेत. लहान विमानांच्या इंजिनाचा फिल्टर ऑईल बदलताना कापून पाहणं हा तिथल्या मेकॅनिकचा नियमच आहे. ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर लोखंड, तांबं, शिसं, धुळीचं सिलिकॉन, सगळं दशलक्ष भागांत किती ते कळतं. पण त्या यंत्राला साधारण पाच ते दहा मायक्रॉनपेक्षा मोठा कण नीट मोजता येत नाही, आणि आपल्या डोळ्याला चाळीस मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही. तुटू लागलेल्या भागाचे मोठे तुकडे फिल्टरमध्येच अडकतात, नमुन्याच्या बाटलीत येतच नाहीत. म्हणून प्रयोगशाळेचा कागद हातात असला तरी फिल्टर कापायचाच. नमुना घेताना इंजिन गरम असावं, आणि सुरुवातीची व शेवटची धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत धरावी.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. ऑईल बदलून फिल्टर जुनाच ठेवणं ही बचत नाही. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑईल तसंच बेअरिंगवर जातं. दुसरी गोष्ट जळक्या ऑईलची. ते दारांना, सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात, ओढ्यात ओततात. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं, आणि कातडीला वरचेवर लागत राहिलं तर त्यातून कर्करोगाचा धोका असतो. ते बंद डब्यात साठवून परवानाधारक घेणाऱ्यालाच द्यावं, आणि गॅरेजमधल्या पोरांनी हातमोजे घालूनच काम करावं.

माझ्या मते चांगला मिस्त्री त्याने खोललेल्या इंजिनांवरून ओळखू नये. जी खोलावी लागली नाहीत आणि वेळेत सावरली, त्यांवरून ओळखावा. म्हणून ट्रॅक्टर मालकांना माझं सांगणं आहे : पुढच्या वेळी ऑईल बदलताना गॅरेजवर स्वतः उभे राहा, फिल्टर फेकू देऊ नका, तो तुमच्यासमोर कापून उन्हात दाखवायला सांगा, आणि त्यावर मीटरचे तास लिहून पट्टी घरी न्या.