मनीऑर्डर

रत्नागिरी जिल्ह्यातील शेते लहान आणि डोंगरउताराची. भात चांगले पिकले तरी ते वर्षभर पुरत नसे. म्हणून घरातील एखादा कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत कामाला जाई. पगार झाला की हा चाकरमानी पोस्टाच्या खिडकीपाशी उभा राही आणि गावी मनीऑर्डर करी. १८८० साली सरकारी खजिन्यांकडून हे काम पोस्टाकडे आले, आणि पुढे कित्येक पिढ्या कोकणातील चुली त्या कागदाच्या आधाराने पेटल्या.

रक्कम ती काय! कधी दहा रुपये, कधी पंधरा. पण पैसे यावयास उशीर झाला की म्हातारीच्या मनात नाना शंका येत. मुलगा आजारी तर नसेल? गिरणी बंद तर पडली नसेल? पोस्टाने पैसे ठेवून घेतले असतील, ही शंका मात्र सहसा तिच्या मनाला शिवत नसे.

याला केवळ पोस्टमनचा सज्जनपणा कारण नव्हता. मुंबईत दिलेल्या नोटा मुंबईतच राहत. गावी येई तो फॉर्म. पोस्टमन त्यावर साक्षीदारासमक्ष म्हातारीचा अंगठा घेई, रक्कम तिच्या हातावर मोजून ठेवी, आणि अंगठा उमटलेली पावती पुन्हा मुंबईस मुलाकडे जाई. लबाडी फार दिवस लपू नये, अशीच ती योजना होती.

हीच म्हातारी जमिनीच्या उताऱ्यासाठी एखाद्या कचेरीत जाई, तेव्हा 'आज साहेब नाहीत, उद्या या,' एवढे ऐकून परते. कोणी तिचे पैसे घेतलेले नसत. गेला असे तो एक दिवस. पण त्या रात्री तिला अन्न गोड लागत नसे.

देशोदेशींच्या सुखाचा एक जागतिक अहवाल २०१२ पासून निघू लागला. त्यात २०१८ ते २०२५ पर्यंत दरवर्षी फिनलंड पहिला आला. तो कडाक्याच्या थंडीचा आणि हिवाळ्यातील लांबलचक रात्रींचा देश! तेथील लोकांचा आपल्या सरकारी संस्थांवर मोठा विश्वास आहे, हे त्याचे एक कारण जाणकार सांगतात. म्हातारीला त्याचे नवल वाटले नसते.

जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. आता पैसे क्षणात खात्यावर जमा होतात, आणि ते बरेच झाले. त्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळींपुरती जागा असे. पोस्टमन तो मजकूर वाचून दाखवी, म्हातारी पैसे कनवटीला लावी आणि म्हणे, "बाबा, आणखी एकदा वाच बघू."