काम सांगा, पद नको

मुंबईच्या उपनगरांतील सामान्य रहिवाशाने स्थानिक कारभारात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा वारंवार व्यक्त केली जाते; मात्र तसे करताना एक ऐतिहासिक वस्तुस्थिती नजरेआड होते, ती ही की आज महानगराचे भाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्त्या एकेकाळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी लहान शहरे किंवा पंचायतींची गावे होती. वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ यांच्या स्वतंत्र नगरपालिका होत्या. 1950 साली अंधेरी व घाटकोपरपर्यंतचा पट्टा आणि 1957 साली पश्चिमेकडे दहिसरपर्यंतचा व पूर्वेकडे मुलुंडपर्यंतचा पट्टा बृहन्मुंबईत सामील झाला, तेव्हा पाणी, रस्ते आणि गटारे यांची सोय निःसंशय वाढली, परंतु ज्या सभासदाच्या ओटीवर जाऊन भांडता येत होते तो सभासद इतिहासजमा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख आहे आणि महापालिकेत निवडून येणारे नगरसेवक 227 आहेत. म्हणजे एका नगरसेवकाच्या वाट्याला सरासरी चोपन्न-पंचावन्न हजार माणसे येतात. महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांची संपूर्ण शहरेसुद्धा याहून लहान आहेत.

या बदलाने कारभारात शिरण्याची वाट कशी अरुंद केली, हे मृणाल गोरे यांच्या वाटचालीवरून स्पष्ट होते. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आलेल्या मृणालताईंनी गोरेगावात आधी स्त्रियांच्या संघटनेचे आणि कुटुंबनियोजनाचे काम केले, नंतर त्या गावच्या पंचायतीत गेल्या, 1961 साली महापालिकेत, 1972 साली विधानसभेत आणि 1977 साली लोकसभेत निवडून आल्या. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना या मधल्या पायऱ्यांवर मिळाले. यातली दुसरी पायरी, म्हणजे जिथे चुका स्वस्तात करता येतात आणि शेजारीपाजारी हेच मतदार असतात ती पंचायत, गोरेगावच्या पुढच्या पिढीसाठी उरली नाही. कर्तृत्ववान माणसे पूर्वी होती आणि आता नाहीत, असे समजण्यापेक्षा जिन्यातली एक पायरी काढून टाकल्यावर चढणाऱ्यांची संख्या घटते, असे समजणे प्रस्तुत लेखिकेला अधिक सयुक्तिक वाटते.

ही पायरी पुन्हा बसवण्याचे प्रयत्न कायद्याने केले नाहीत असे नाही. 1993 साली अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे काही प्रभागांचा कारभार एकत्रितपणे पाहणाऱ्या उपसमित्या, स्थापन करणे बंधनकारक केले. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या अधिनियमातही त्यानुसार दुरुस्ती होऊन प्रत्येक प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे व वस्तीपातळीवरील संघटनांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याची, म्हणजे निवडणुकीविना नेमण्याची, तरतूद झाली. नेमणूक करायची ती मात्र नगरसेवकांनीच, त्यामुळे या जागांवर पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावली जाते अशी तक्रार नागरी संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. 2009 साली क्षेत्रसभेची, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाचे प्रश्न ठरवण्याच्या सभेची, तरतूद राज्याच्या कायद्यात झाली. मुंबईत ती कागदाबाहेर पडली नाही.

व्यवहारात रहिवाशाला जे दार खरोखर उघडे होते, ते होते एएलएमचे. ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट असे लांबलचक नाव असलेली ही योजना महापालिकेने 1997 साली सुरू केली, आणि तिचा उगम घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी कचऱ्याबाबत केलेल्या उपक्रमात मानला जातो. एका गल्लीतील किंवा काही इमारतींतील रहिवाशांनी गट करायचा, विभाग कार्यालयात त्याची नोंद करायची, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा, ओल्या कचऱ्याचे शक्य तिथे खत करायचे आणि त्याच्या मोबदल्यात रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांच्या तक्रारींसाठी महापालिकेच्या अधिकाऱ्यांशी नियमित बैठकीचा हक्क मिळवायचा, असे तिचे साधे स्वरूप होते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असे गट शेकड्यांनी निघाले. त्यांतले बरेच पुढे नुसते नोंदवहीत राहिले. मुलुंड पूर्वेतील अशाच एका गटाचे चिटणीसपद प्रस्तुत लेखिकेकडे दीर्घकाळ होते, आणि पुढील निरीक्षणे प्रामुख्याने त्या कामातून, त्यातही माणसे मिळवण्याच्या न संपणाऱ्या खटपटीतून, आलेली आहेत.

माणसे मिळवायला गेल्यावर जे नकार ऐकू येतात त्यांचे वर्गीकरण सोपे आहे, अर्थ लावणे अवघड. 'वेळ नाही' हा नकार सर्वांत मोठ्या संख्येने येतो आणि सर्वांत कमी खरा असतो, कारण तोच गृहस्थ गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत रात्री दोनपर्यंत मंडपात खुर्च्या मोजताना दिसतो. 'आपल्याला राजकारणात पडायचं नाही' हा दुसरा नकार, आणि त्यात खांबावरचा दिवा लावून घेण्यापासून विधानसभेपर्यंतचे सर्व काही एकाच 'राजकारण' या पोत्यात भरलेले असते. तिसरा नकार पाठिंब्याच्या रूपाने येतो: 'तुम्हीच करा ना, आमचा फुल सपोर्ट आहे.' या वाक्यानंतर दार फार सौजन्याने बंद होते.

या सर्वांच्या मुळाशी असलेली भीती गृहनिर्माण सोसायटीच्या अनुभवातून आलेली असते, असे लेखिकेचे मत आहे. उपनगरातील मध्यमवर्गीय माणसाला सार्वजनिक पदाचा पहिला आणि बहुधा एकमेव अनुभव मिळतो तो सोसायटीच्या कमिटीत, आणि तो क्वचितच गोड असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी दहाला बोलावलेली असते, गणपूर्तीअभावी ती अर्धा तास तहकूब होते, मग त्याच मोजक्या माणसांत पुन्हा सुरू होते. विषयपत्रिकेवरचा 'नवीन समितीची निवड' हा विषय आला की ज्यांनी तासभर गळती आणि पार्किंगवरून आवाज चढवलेला असतो तेच मोबाइलकडे पाहू लागतात. त्यात कमिटीवर निवडून आलेल्याने एम-20 नावाचे बंधपत्र, म्हणजे समितीच्या निर्णयांची जबाबदारी वैयक्तिकरीत्याही स्वीकारण्याची लेखी हमी, स्टॅम्प पेपरवर देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. ज्या सेक्रेटरीने बिनपगारी काम केले त्यालाच पुढे पुनर्विकासाच्या वेळी 'बिल्डरकडून किती घेतले' असे विचारले जाते, हे ज्याने पाहिले आहे, तो महापालिकेच्या बैठकीला यायला कशाला तयार होईल? ही माणसे उदासीन आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पदाची किंमत त्यांनी जवळून पाहिलेली असते.

म्हणून मुलुंडच्या गटात पदांची भाषा हळूहळू मागे पडली आणि कामांची भाषा पुढे आली. 'आमच्या समितीत या' या निमंत्रणाला कोणी येत नसे, परंतु 'मंगळवारी सकाळी सात वाजता मुकादम येतो, तेव्हा तुमच्या बिल्डिंगचे दोन डबे वेगवेगळे आहेत ना एवढेच बघाल का' असे विचारले की बहुतेक बायका आणि काही पुरुष लगेच होकार देत. मुकादम म्हणजे सफाई कामगारांच्या तुकडीचा प्रमुख. त्याच्याशी रोज पाच मिनिटे बोलणाऱ्या रहिवाशाला काही महिन्यांत असे ज्ञान मिळते जे कोणत्याही पुस्तिकेत नसते: गाडी कोणत्या वळणावर अडते, कोणता कामगार कायम आहे आणि कोण कंत्राटी, मुकादमाच्या वर कोण आणि त्याच्या वर कोण. अशाच एका गृहिणीने, डब्यांतला नारळ आणि सॅनिटरी पॅड यांवरून रोज होणाऱ्या कटकटीला वैतागून, शाळेच्या शंभर पानी वहीत इमारतवार रकाने आखले आणि कोणत्या दिवशी कोणत्या इमारतीचा कचरा मिसळलेला आला ते लिहायला सुरुवात केली. ती वही विभाग कार्यालयातील बैठकीत टेबलावर ठेवली गेली, तेव्हा तोवर 'मॅडम, लोकच ऐकत नाहीत' असे सांगणारे अधिकारी ती पाने उलटून पाहू लागले, आणि त्यानंतर ती बाई स्वतःहून बैठकांना येऊ लागली. तिला कोणी सदस्य केले नव्हते. पुढे पाण्याच्या वेळापत्रकाचा विषय तिनेच हातात घेतला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे, जरी नागरी चळवळीतील सुशिक्षितांना ती रुचत नाही: माणसे तयार करण्याची ही पद्धत राजकीय पक्षांना, विशेषतः शाखांच्या जाळ्यावर उभ्या राहिलेल्या शिवसेनेला, फार आधीपासून अवगत होती. शाखा म्हणजे प्रभागातील पक्षाचे छोटे कार्यालय. तिथे विशीतल्या मुलाला विचारसरणीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, त्याला मतदार यादीचे एक पान दिले जाते आणि त्या पानावरची कुटुंबे तुझी असे सांगितले जाते. गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख या पायऱ्या त्याला डोळ्यांसमोर दिसतात, आणि रुग्णवाहिका बोलावणे, शाळेचा प्रवेश, नळजोडणी अशा कामांतून तो वर सरकतो. त्या पद्धतीत आश्रितपणा आहे, दबाव आहे, कित्येकदा त्याहून वाईटही आहे. पण ती शिकवते. याउलट नागरिकांचे गट 'चांगली माणसे' शोधतात, म्हणजे आधीच तयार असलेली, निवृत्त, इंग्रजीत पत्र लिहू शकणारी, आणि अशी माणसे सत्तरी ओलांडली की गट बंद पडतात.

निवडणुकीच्या मैदानातही हा फरक दिसला. 2007 च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या रहिवाशांनी आपसांत विचारविनिमय करून ॲडॉल्फ डिसूझा यांना नागरिकांचा उमेदवार म्हणून उभे केले आणि ते निवडून आले. त्यामागे त्या परिसरातील रहिवासी संघटनांचे अनेक वर्षांचे काम होते. त्या यशाने प्रभावित होऊन 2012 साली 'मुंबई 227' या नावाखाली शहरभर नागरिकांचे उमेदवार उभे राहिले, परंतु त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांच्या वाट्याला पराभव आला. जुहूत जे मुळापासून वाढले होते ते इतरत्र निवडणुकीच्या तोंडावर रोपण्याचा प्रयत्न झाला, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आरक्षणाच्या फिरतीचे आहे. 2012 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्याखेरीज अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांच्या जागा आहेत, आणि कोणता प्रभाग कोणासाठी हे दर निवडणुकीआधी सोडतीने ठरते. या आरक्षणामुळे एरवी कधी पुढे न आलेल्या अनेक स्त्रिया सभागृहात आल्या, ही मोठी मिळकत आहे. पण सर्व प्रभागांत शाखा असलेला पक्ष सोडतीनंतर माणूस इकडचा तिकडे करू शकतो, एका गल्लीत रुजलेला गट ते करू शकत नाही.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत महापालिकेवर प्रशासक होते, म्हणजे आयुक्तच सभागृहाचे आणि स्थायी समितीचेही अधिकार वापरत होते. लोकशाहीच्या दृष्टीने हा काळ शोचनीय होता. मुलुंडमध्ये मात्र याच काळात लोकांना नगरसेवक नेमका कशासाठी लागतो याचा शोध लागला: शाळेसाठी, बँकेसाठी रहिवासाचे पत्र हवे असले की माजी नगरसेवकाच्या जुन्या लेटरहेडवर काम भागे, पण रस्ता खोदून ठेवलेला असला की बोट दाखवायला कोणी नसे. बैठकांना कधीही न आलेली माणसे या चार वर्षांत 'आता विचारायचे कोणाला' म्हणून येऊ लागली, आणि त्यांतली काही टिकली.

नोव्हेंबर 2025 मधील आरक्षण सोडतीच्या आसपास गटात स्वतःचा उमेदवार देण्याची चर्चा झाली. ती फार चालली नाही. खर्चाचा आकडा कोणीतरी मोठ्याने उच्चारला आणि चहा आला. तिच्या जागी दुसरा विचार पुढे आला, तो प्रभाग समितीवरील त्या तीन नामनिर्देशित जागांचा. मुलुंडचा टी विभाग आणि भांडुपचा एस विभाग यांची मिळून एकच प्रभाग समिती आहे, म्हणजे लाखो रहिवाशांच्या वतीने जास्तीत जास्त तीन माणसे. तरीही तिथे बसणाऱ्याला विषयपत्रिका मिळते आणि अधिकाऱ्याला समोरासमोर प्रश्न विचारता येतो. चौकशी केल्यावर नोंदणीची अडचण समोर आली. एएलएमची नोंद विभाग कार्यालयात असते, पण तो नोंदणीकृत न्यास नव्हे की संस्था नव्हे, त्यामुळे रोज सकाळी मुकादमाबरोबर उभी राहणारी बाई कोणत्याही 'मान्यताप्राप्त' संस्थेची प्रतिनिधी ठरत नाही, आणि वर्षातून एकदा वह्यावाटप करणारे मंडळ ठरते.

यावर उपाय म्हणून गटाची रीतसर संस्था म्हणून नोंदणी करण्याचे ठरले. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 नुसार त्यासाठी किमान सात व्यक्तींनी संस्थेच्या घटनापत्रावर सह्या कराव्या लागतात, आणि त्यांच्या नावापुढे पत्ता व व्यवसाय लिहावा लागतो. गटातील ज्येष्ठांनी मसुदा उत्तम तपासून दिला, त्यातील व्याकरणही दुरुस्त केले, आणि सहीच्या वेळी वयाचे कारण सांगितले. सह्या केल्या त्या बहुतांशी डबे तपासणाऱ्यांनी. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे यावर थोडी चर्चा झाली, आणि वहीवाल्या बाईंनी 'गृहिणी' असे लिहून कागद पुढच्या घरी नेला.