टाटा इन्स्टिट्यूटच्या दारात

बंगळुरूच्या बसमध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'चं तिकीट मागितलं, तर कंडक्टर कदाचित एकदा वळून बघेल. 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हटलं, की काम झालं! संस्थेच्या फाटकावर काहीही लिहिलेलं असो, गावाच्या तोंडी शंभर वर्षांहून अधिक काळ हेच नाव आहे. रिक्षावाला, फुलवाली, मल्लेश्वरममधल्या हॉटेलातला वेटर, सगळ्यांना हे ठिकाण टाटांच्याच नावानं कळतं.

दरवर्षी बारावीचे निकाल लागले, की पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-बेळगावपर्यंत कितीतरी मराठी घरांत बंगळुरूचं नाव निघतं. कॉलेज कोणतं? हॉस्टेल कसं आहे? मेसमध्ये पोळी मिळते का? मुलगी असेल तर प्रश्नांची यादी जरा लांबते. या शहरात कॉलेजांना तोटा नाही. सेंट्रल कॉलेजचं मूळ १८५८ सालच्या शाळेत आहे. राजगोपालाचारी तिथेच शिकले. सेंट जोसेफ १८८२चं, बसवनगुडीचं नॅशनल कॉलेज १९४५चं, बी.एम.एस. अभियांत्रिकी १९४६चं आणि मुलींसाठी सुरू झालेलं माउंट कार्मेल १९४८ सालचं. मराठी घराशी जुनं नातं असलेली एक कहाणी मात्र टाटा इन्स्टिट्यूटच्या दारात घडली. आज आईवडील विचारतात, 'मुलीला प्रवेश मिळेल का?' तेव्हा संस्थेच्या प्रमुखांनाच प्रश्न पडला होता, 'मुलीला प्रवेश द्यावा का?'

दगडी मनोरा आणि झाडांचे रस्ते

यशवंतपूर स्टेशनवर उतरलं तर संस्था अगदी जवळ. मॅजेस्टिकहून यायचं तर मल्लेश्वरम ओलांडून यावं लागतं. वाटेत संपिगे रोड लागतो. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. जवळच्या मार्गोसा रोडचं नाव कडुनिंबावरून पडलं आहे. तिथल्या 'सीटीआर'मध्ये लोण्यात भाजलेला बेण्णे डोसा खाण्यासाठी सकाळपासून लोक ताटकळतात. पुढे गर्दी आणि हॉर्न मागे पडतात आणि संस्थेचं फाटक येतं.

आत शिरलं, की हवाच बदलते. रस्त्यांना माणसांऐवजी झाडांची नावं आहेत. गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग... उन्हाळ्यात गुलमोहराचा सडा पडतो आणि त्यावरून मुलं-मुली सायकली दामटत प्रयोगशाळेकडे निघालेली असतात. मधोमध करड्या दगडाची, उंच मनोऱ्याची मुख्य इमारत उभी आहे. मुंबईकराला ती ओळखीची वाटली तर नवल नाही. ती १९१२-१३च्या सुमारास मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांच्या कंपनीनं आखली. मुंबईचं व्हीटी स्टेशन उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे त्यांचे वडील. समोर जमशेटजी टाटांचं स्मारक आहे, गिल्बर्ट बेज या शिल्पकारानं १९२२ साली घडवलेलं.

जमशेटजींनी मात्र यातलं काहीच पाहिलं नाही. १८९३ साली जपानहून अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर त्यांची आणि स्वामी विवेकानंदांची गाठ पडली. पाच वर्षांनी विज्ञान संस्थेची कल्पना मनात घेऊन त्यांनी स्वामीजींना पत्र लिहिलं. संस्थेसाठी त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा देऊ केला. पण सरकारी कागद हलायला वेळ लागला आणि १९०४ साली जमशेटजी गेले. पुढे म्हैसूर दरबारानं ३७१ एकर जमीन दिली, १९०९ साली संस्थेची स्थापना झाली आणि १९११ साली पहिले विद्यार्थी दाखल झाले.

भागवतांची मुलगी

संस्थेत सुरुवातीच्या काळात रसायनशास्त्र शिकलेल्यांत दोन मराठी भाऊ होते, नारायणराव आणि माधवराव भागवत. त्यामुळे नारायणरावांच्या घरात 'टाटा इन्स्टिट्यूट' हे नाव मुलींच्या कानावर लहानपणापासूनच असणार. यातल्या एका मुलीला अवघा महाराष्ट्र ओळखतो. त्या म्हणजे कऱ्हाडच्या १९७५ सालच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत. त्यांची धाकटी बहीण कमला हिनं मात्र वडील आणि काकांची वाट धरली.

कमलाचा जन्म १९११चा. १९३३ साली ती रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, तीही गुणवत्ता यादीत पहिली येऊन. वडील शिकले त्याच संस्थेत पुढचं संशोधन करायचं, हे तिनं ठरवलं आणि अर्ज पाठवला.

त्याच वर्षी संस्थेला पहिले भारतीय संचालक मिळाले होते. ते होते चंद्रशेखर वेंकट रामन! तीन वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेलं. देशभर त्यांच्या नावाचा दबदबा. गोऱ्या संचालकांच्या जागी आपला माणूस बसला, याचा सगळ्यांना अभिमान होता. आणि या आपल्या माणसाचं उत्तर आलं, की मुलींना प्रवेश देता येणार नाही!

असा काही जुना नियम असता तर गोष्ट वेगळी. पण संस्थेच्या नोंदींत १९२०च्या दशकातही एखाद-दुसरी विद्यार्थिनी सापडते. म्हणजे दार बंद नव्हतं, दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मनात आडकाठी होती. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली. उपयोग झाला नाही.

बावीस वर्षांची कमला मग स्वतः बंगळुरूला गेली. मुलगी म्हणून का नाही, याचं कारण द्या, एवढंच तिचं मागणं होतं. कारण मिळालं नाही. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे. कमलानं तोच मार्ग धरला आणि रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह मांडला. अभ्यासक्रम उत्तम रीतीनं पुरा करून दाखवीन, असंही तिनं त्यांना बजावलं होतं.

तीन अटी

अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिल्या वर्षी तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही, ती उमेदवारीवर राहील. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये, वातावरण बिघडता कामा नये!

पहिल्या दोन अटी मेहनतीच्या होत्या. मेहनतीला ती घाबरत नव्हती. तिसरी अट मात्र जिव्हारी लागणारी होती. लक्ष विचलित होणार मुलांचं आणि जबाबदारी मुलीची! कमलानं तिन्ही अटी मान्य केल्या. पण हा अपमान ती जन्मभर विसरली नाही. रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते, पण मनानं संकुचित होते, असं तिनं उतारवयातही स्पष्ट सांगितलं.

तिचे मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे, कामात कसूर न खपवणारे, पण हाताशी धरून शिकवणारे. त्यांच्याकडे कमलानं दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. सामान्य भारतीय घराचं पोषण ज्या वरणभात-उसळीवर चालतं, त्यात नेमकं काय आहे, हे शोधण्याचं ते काम होतं.

वर्ष संपलं. रामन यांनी तिचं काम पाहिलं आणि तिला नियमित विद्यार्थिनी करून घेतलं. एवढंच नव्हे, तर यापुढे मुलींनाही प्रवेश मिळेल, असं ठरलं. इथे रामन यांच्याही पदरात माप टाकायला हवं. चूक झाली, पण पुरावा समोर आल्यावर त्यांनी मत बदललं. १९३६ साली कमला एम.एस्सी. झाली, तीही विशेष गुणवत्तेसह, बोलून दाखवलं होतं तशी.

पुढे शिष्यवृत्त्या मिळवून ती केंब्रिजला गेली. वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हा श्वसनक्रियेतला महत्त्वाचा घटक असतो, हे तिनं दाखवून दिलं. चौदा महिन्यांत, अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली तिनं पीएच.डी. मिळवली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा इथे तिनं काम केलं. १९४७ साली लग्न होऊन कमला भागवतची कमला सोहोनी झाली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागली. तिथे तिनं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. त्यासाठी तिला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. घरच्या घरी अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हेही तिनं ग्राहक चळवळीतून गृहिणींना शिकवलं. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तिचा सत्कार ठरवला. त्या समारंभातच ती कोसळली आणि थोड्याच दिवसांत गेली.

दार उघडलं, पण...

कमलामागून इतर मुली आल्या. १९४० साली केरळची अॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली. हिऱ्यांच्या वर्णपटाचे फोटो घ्यायला पंधरा-वीस तास लागत. ती कित्येकदा प्रयोगशाळेतच रात्र काढी. प्रबंध पुरा झाला, पण तिच्याकडे एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली. ती पुण्याच्या हवामान खात्यात आली आणि हवामान मोजायची उपकरणं आपल्या देशात तयार व्हावीत म्हणून आयुष्यभर राबली. १९४३ साली सेंट्रल कॉलेजात शिकलेली राजेश्वरी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आली. ती, म्हणजे पुढची राजेश्वरी चटर्जी, अमेरिकेहून पीएच.डी. घेऊन परतली आणि पुढे इथल्याच विद्युत-संदेशवहन अभियांत्रिकी विभागाची प्रमुख झाली.

आणि मग आला १९७४चा उन्हाळा. गुलमोहर फुलले होते. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली एकुलती एक मुलगी हॉस्टेलवर परतत होती. ती शिग्गावची सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती. अटींचा अनुभव तिलाही होता. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेताना तिला बजावलं होतं, की साडीच नेसायची, कँटीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही! कमलाच्या अटींना तेव्हा पस्तीस वर्षं होऊन गेली होती.

त्या दिवशी सूचनाफलकावर तिला टेल्कोची जाहिरात दिसली. हुशार अभियंते हवेत, असं वर लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात ओळ होती, की स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा संतापली आणि तिनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. ज्या टाटांनी देशाला ही संस्था दिली, त्यांच्याच कंपनीत स्त्री-पुरुष असा भेद व्हावा, हा तिचा सवाल होता. तार आली. पुण्याला मुलाखतीला या, खर्च कंपनीचा! हॉस्टेलच्या मैत्रिणींना वेगळाच आनंद झाला. फुकट पुण्याला चाललीस तर आमच्यासाठी साड्या आण, म्हणून प्रत्येकीनं तीस-तीस रुपये तिच्या हातावर ठेवले. मुलाखत झाली, नोकरी मिळाली आणि टेल्कोच्या कारखान्यात पहिली महिला अभियंता रुजू झाली.

आजचं आवार

आज या आवारात मुली असणं ही बातमी राहिलेली नाही. २०११पासून इथे बारावीनंतरचाही अभ्यासक्रम आहे. अठराव्या वर्षी आलेली मुलं-मुली मेसमधल्या सांबारला आणि दहीभाताला आठवड्याभरात सरावतात. मराठी मुलांना भाषेचं दडपण फार काळ राहत नाही. 'कन्नड गोत्तिल्ला' म्हणजे कन्नड येत नाही, हे पहिलं वाक्य शिकतात, आणि दुकानदाराला 'अण्णा' नि भाजीवालीला 'अक्का' म्हणायला तर काहीच शिकावं लागत नाही. बेळगाव-खानापूरची मुलं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रातोरात येतात, मुंबईची उद्यान एक्सप्रेसनं.

एरवी फाटकाशी ओळखपत्र विचारतात. पण वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, संस्थेचा 'ओपन डे' असतो. त्या दिवशी सगळ्या प्रयोगशाळा गावाला खुल्या. शाळेची पोरं, आजी-आजोबा, कडेवर मूल घेतलेल्या आया, सगळे रांगा लावतात. बंगळुरूला नातेवाईक असतील तर मुलांना घेऊन तो दिवस जरूर साधावा.

संस्थेपासून काही अंतरावर रामन संशोधन संस्था आहे. तिच्याच आवारात भारतीय विज्ञान अकादमीचं कार्यालय आहे. रामन यांनी १९३४ साली ही अकादमी स्थापन केली. कमला तेव्हा संस्थेत नवखीच होती. २००८ साली याच अकादमीनं भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या चरित्रांचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात कमला सोहोनी आहेत. आणि रामन यांनी त्यांना नाकारलेल्या प्रवेशाची हकीगतही आहे.