आईची पाठ आणि सुईची गोष्ट

आमच्या घरात सुईला कधी तोटा पडला नाही. आई शाळेचे गणवेश शिवते. सोलापुरात गणवेश शिवणारी घरे काही थोडी नाहीत, त्यांतलेच आमचे एक. मे महिना उजाडला की डझनावारी कापडाचे गठ्ठे घरात येऊन पडतात आणि मग मशीनची घरघर रात्री अकरापर्यंत चालू राहते. त्या घरघरीवर माझ्या फीचे पैसे भरले गेले, हे मला ठाऊक होते. त्या घरघरीत आईची पाठ झिजत होती, हे मात्र मला फार उशिरा कळले.

पाठीला बाम झाला, विटेचा शेक झाला, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी पाठ थांबे, पण पोटात आग पडे. शेवटी शेजारच्या अक्का म्हणाल्या, "वहिनी, त्या सुयावाल्या डॉक्टरांकडे जाऊन या. माझा गुडघा बघा कसा चालतोय!" बाबा हसले. "जन्मभर सुई चालवलीस, आता सुईच तुझ्यावर चालू दे," असे म्हणाले. सोबतीला अर्थातच माझी नेमणूक झाली.

वाचकहो, इंजेक्शनचे नाव काढताच ज्याला घाम फुटतो, अशा माणसाला या कामगिरीवर पाठवू नये. आई पालथी झोपली आणि त्यांनी पहिली सुई काढली, तेव्हा मी भिंतीवरचे कॅलेंडर अभ्यासू लागलो. पण आईचा "आई गं" काही ऐकू येईना. वळून पाहिले, तर पाठीवर आठ-दहा सुया, केसाहून थोड्याशाच जाड, आणि आई चक्क डोळे मिटून पडलेली. "मुंगी चावल्यासारखं झालं, मग जड जड वाटलं," ती नंतर म्हणाली. वीस मिनिटे ती स्वस्थ झोपली होती. भर दुपारी आईला झोपलेली मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो.

चार-पाच खेपांनंतर पाठ हलकी वाटू लागली. अक्कांचा भाव वधारला, बाबांचे हसू ओसरले. आणि एका सकाळी कॉलर शिवता शिवता आई मशीनवरच कोसळली.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बीपीची गोळी कोणी बंद केली?" कोणीच केली नव्हती! आईनेच केली होती. सुयांनी पाठ बरी होते, म्हणजे बाकीचेही होत असणार, असा तिचा सरळ हिशेब. पंधरा दिवस तिने गोळी घेतली नव्हती. सुयावाल्यांनी 'दुसरे काही औषध चालू आहे का' असे विचारले नव्हते आणि आम्ही सांगितले नव्हते. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सुया टोचून घ्यायला माझी हरकत नाही. पण तू कॉलेजात जातोस ना? मग बरोबर जाऊन काय केलंस?"

काय केले? मी कॅलेंडर पाहिले होते.

त्या दोन दिवसांच्या भीतीने मला वाचनालयात नेऊन बसवले. पहिले आश्चर्य आमच्याच गावाशी जोडलेले निघाले. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे येथले शेंबडे पोरही सांगेल. डॉ. कोटणीस १९४२ साली तेथेच वारले. पण त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही सुयांची विद्या शिकले आणि १९५९ साली त्यांनी ती कलकत्त्यास आणली. म्हणजे आईच्या पाठीवरच्या सुया एका अर्थी कोटणिसांच्या मित्राच्या वाटेने आल्या होत्या! ऊर अभिमानाने भरून आला. पण अभिमानाने पाठ बरी होत नाही, म्हणून पुढे वाचले.

जुनी चिनी कल्पना अशी, की शरीरात प्राणशक्तीचे मार्ग आहेत आणि सुईने त्यांतला अडथळा दूर होतो. शवविच्छेदनात हे मार्ग कोणाला सापडलेले नाहीत. मग सगळे थोतांडच का? तसेही नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पाहिले, तर औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे २७ जणांना चांगला आराम होता. शास्त्रोक्त जागी सुया टोचलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४८ जणांना. आणि मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी? शेकडा सुमारे ४४! म्हणजे आराम खरा होता, पण तो नेमक्या जागेमुळे की टोचण्यामुळे, की कोणीतरी आपुलकीने हात लावला आणि आपण निवांत पडलो यामुळे, हा प्रश्न उरतोच. आईची ती दुपारची झोप मला आठवली.

एवढे मात्र उमगले, की ही दुखण्यावरची मदत आहे. रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्यांची जागा ती घेत नाही. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर सुयांच्या नादात दिवस घालवू नयेत, आधी डॉक्टर गाठावा.

मग मी वहीचे एक पान फाडून आईसाठी यादी केली. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारावी. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची असावी आणि पाकीट आपल्यासमोर फोडावे. वापरलेल्या सुईतून काविळीसारखे रोग पसरू शकतात. चालू असलेली सर्व औषधे सांगावीत, रक्त पातळ करणारी तर आठवणीने. पोटात गर्भ असेल किंवा हृदयाला पेसमेकर बसवला असेल, तर तेही आधी सांगावे. सुयांना वीज जोडण्याचा प्रकार पेसमेकरवाल्यांना धोक्याचा. उपाशीपोटी जाऊ नये, भोवळ येते. थोडे रक्त येणे, काळेनिळे पडणे हे चालते. पण छाती-पाठीवर सुया घेतल्यानंतर दम लागला, तर तडक दवाखाना गाठावा, कारण क्वचित सुई फुप्फुसाला लागते. आणि किती खेपांत फरक पडायला हवा, हे पहिल्याच दिवशी विचारावे. नाही पडला तर थांबावे.

रक्तदाब ताळ्यावर आला, तशी आई पुन्हा निघाली. मी यादी हातात दिली. तेथे गेल्यावर तिने ती उघडलीसुद्धा नाही. सरळ म्हणाली, "डॉक्टर, बीपीची गोळी चालू आहे, आणि पाकीट माझ्यासमोर फोडा." डॉक्टर जरा चपापले, मग मुकाट्याने त्यांनी नवे पाकीट फोडले. मी या वेळी कॅलेंडर पाहिले नाही.

परतताना मी म्हणालो, "आई, तुला एवढं धाडस कुठून आलं?" ती म्हणाली, "त्यात धाडस कसलं? बोथट सुईनं कापड फाटतं, म्हणून मशीनची सुई मी वेळेवर बदलते. सुईचं मला नको सांगूस. गोळीचं तेवढं आधी विचारायला हवं होतं."

पाठ आता पुष्कळ बरी आहे. सुयांमुळे की मशीनजवळचे स्टूल आम्ही बदलले म्हणून, ते सांगता येत नाही. रात्री दहा वाजले की मशीन मी बंद करतो आणि बीपीची गोळी आईच्या हातावर ठेवतो.

— तृतीय वर्ष, कला