पुरात बुडालेल्या जीपची टाकी

पूर ओसरला की आपण आधी काय पाहतो? गोठा, घराच्या भिंती आणि उसाचा शेंडा पाण्याच्या वर राहिला होता की नाही ते. शेडमधल्या यंत्रांकडे लक्ष जाते सर्वांत शेवटी. आणि यंत्राच्या टाकीत डोकावून तर कोणीच पाहत नाही. गंज मात्र आपल्या सवडीसाठी थांबत नाही.

आमच्या शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना भेटतात. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लोक धावतात. पण २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी देवळापाशी थांबले नाही, गावात शिरले.

माझ्या बहिणीचे सासर वाडीतच. तिच्या सासऱ्यांनी घेतलेली १९६८ सालची पेट्रोलवरची जीप त्यांच्या शेडमध्ये आहे. २००५ च्या पुरात याच जीपने घरातली बायकामुले जयसिंगपूरला पोचवली. २०१९ साली माणसे आणि जनावरे वेळेत निघाली, जीप मात्र पाण्याखाली गेली. नंतर ती तशीच उभी राहिली. गेल्या दसऱ्याआधी भाच्याने मनावर घेतले. कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी अजून दिमाखाने येते, मग आजोबांची जीप का नको, असे त्याचे म्हणणे.

या जीपची टाकी चालकाच्या बसण्याखालीच असते. ती काढली तर तळाला गाळ, शिवणीजवळ पत्र्याचे पापुद्रे आणि सुईएवढी दोन भोके. एक वेल्डिंगवाला म्हणाला, "रिकामीच आहे की टाकी, दहा मिनिटांत जोडून देतो." भाचा टाकी घेऊन निघणार, एवढ्यात बहिणीचा फोन आला, "दादा, तू एकदा येऊन बघ, मगच ती बाहेर जाईल." मी पोचलो आणि पहिले काम केले ते टाकी अंगणात ठेवून घेण्याचे.

कारण ऐका. पेट्रोल पेटते म्हणजे त्याची वाफ पेटते. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के झाली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात आणि स्फोटाला नेमके तेवढेच हवे असते. वर्षानुवर्षे कोरडी पडलेली टाकीसुद्धा निर्धोक नसते. गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेले पेट्रोल ज्योतीच्या उष्णतेने पुन्हा वाफ होऊन बाहेर येते. डिझेलच्या टाकीचेही तेच. अशी टाकी जोडताना कारागिरांचे प्राण गेले आहेत. भाच्याला मी एवढेच म्हणालो, "जीप आणखी चार महिने उभी राहिली तर काही बिघडत नाही, त्या कारागिराच्या घरीही लेकरे आहेत."

मग आम्ही काम हाती घेतले ते असे. टाकी उघड्यावर, चूल आणि विडीकाडीपासून दूर ठेवली. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून, पेट्रोलचा वास पुरता जाईपर्यंत ती पुन्हा पुन्हा धुतली. ते पाणी नदीत किंवा विहिरीजवळ ओतले नाही, डब्यात साठवले. मग मूठभर बारीक खडी आणि पाणी घालून टाकी हलवली, तेव्हा सुटा गंज बाहेर आला.

चिकटलेल्या गंजासाठी किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड घेतले. लिटरला ५० ग्रॅम याप्रमाणे ४० लिटर पाण्याला दोन किलो लागले. भोके बाहेरून एमसीलने तात्पुरती बुजवली आणि टाकी एक दिवस व एक रात्र भरून ठेवली. ठिबकच्या नळ्या साफ करायला आपण वापरतो ते तीव्र ॲसिड येथे वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते.

नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुतली आणि लगेच गरम हवेने वाळवली. येथे आळस चालत नाही. उघडा पडलेला ओला पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराने टाकी आणखी एकदा उकळत्या पाण्याने धुतली, आत वाफ सोडली आणि मगच भोकांना डाग दिला. सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा देऊन बाहेरून साबणाचा फेस लावला, बुडबुडा आला नाही. शेवटी आतून तेलाचा हात फिरवला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि गाळणीही बदलली.

नळ्या बदलण्याचे कारण आपल्या उसात आहे. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. ऊसवाल्याला ते चांगलेच. पण इथेनॉल पाणी शोषते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात, तळाला बसतात आणि तेथेच पत्रा खातात. जुने रबरही इथेनॉलने फुगते. म्हणून जुन्या गाडीत पेट्रोल महिनोन्महिने साठवू नये. गाडी उभीच राहणार असेल तर टाकी रिकामी करून, धुऊन, वाळवून तेलाचा हात द्यावा.

कागदाचीही एक गोष्ट सांगतो. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खाजगी गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. तेव्हा दुधाचे कॅन वाहायचे की आजोबांची आठवण जपायची, हे आधी घरात ठरवावे.

जीप नसली तरी ट्रॅक्टर, तेलावरचे इंजिन आणि फवारणीचा पंप तुमच्याकडे असेलच. अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतल्या ओलाव्याचे थेंब जमतात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाते. म्हणून काम संपल्यावर डिझेलची टाकी भरून ठेवा, गाळणीखालच्या भांड्यातले पाणी वरचेवर सोडा आणि नदी वाढू लागली की झाकण घट्ट लावून यंत्र उंचावर न्या.

आणि एवढे करूनही टाकी गळलीच, तर ती वेल्डिंगला नेणाऱ्या पोराला आधी थांबवा. पत्रा पुन्हा मिळतो.