खाडीच्या अलीकडे

सानपाडा वाशी आणि तुर्भ्याच्या मधे आहे. वाशीच्या खाडीपुलापलीकडे मुंबईची हद्द सुरू होते. मानखुर्दच्या जकात नाक्यावर ट्रक रात्ररात्र उभे असत. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि जकात संपली. चलन भरून देणारे एजंट गेले. क्लीनरच्या हातात चहाचा ग्लास देणारी पोरे गेली. जकातीपोटी पालिकेला भरपाई मिळाली. या माणसांचा हिशेब कोणी मांडला नाही.

अलीकडच्या बाजूला, नवी मुंबईत, एलबीटी (स्थानिक संस्था कर) होती. एप्रिल 2013 ला आली, ऑगस्ट 2015 ला बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली.

वाशीच्या टोलनाक्यावर 14 ऑक्टोबर 2024 पासून मोटारींना टोल नाही. रांग मोडली. रांगेतून चालत शेंगदाण्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, काचेला लावायच्या जाळ्या विकणारे आता दिसत नाहीत. मोटारी थांबत नाहीत, हे चांगलेच झाले. ट्रककडून टोल अजून घेतात.

सानपाडा स्टेशनवर पहाटे उतरणारे बरेच जण बाजार समितीकडे चालत जात. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला, दाणा असे पाच बाजार. मुंबईतली गर्दी हटवायला ते एकेक करून इकडे आणले. जुलै 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला नियमनातून वगळला. भाजीचे टेम्पो परस्पर मुंबईत जाऊ लागले. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, अडत कापणे बंद झाले, ती खरेदीदारावर गेली. ते व्हायलाच हवे होते.

पट्टी हाताने लिहिली जाई. पातळ कागद, खाली कार्बन. वर गावाचे नाव, मग नग, वजन, भाव. त्याखाली हमाली, तोलाई, भाडे एकाखाली एक वजा. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा. ट्रक ड्रायव्हर ती खिशात घालून जुन्नरला किंवा लासलगावला नेई. आता मोबाइलवर फोटो जातो.

आंब्याची लाकडी पेटी कमी झाली. पुठ्ठ्याचा खोका आला. खिळे उपटणारा माणूस लागत नाही, खाली पेंढा साचत नाही.

माथाडीचा हूक वीतभर लांबीचा असे. लाकडी मूठ, घामाने काळी आणि गुळगुळीत. टोक पोत्याच्या कानात अडकवायचे, हिसका द्यायचा, पोते पाठीवर. पोते शंभर किलोचे. पाठीवर दुमडलेले गोणपाट. पुढे वजन पन्नास किलोवर आले, त्यासाठी संघटनेला भांडावे लागले. प्लास्टिकची गोणी हुकाने फाटते. तीस किलोची पिशवी हातानेच उचलतात. तरुण हमालांच्या कमरेला हूक नसतो.

हे कामगार सातारा, पाटण, जावळी, जुन्नरकडचे. कोपरखैरणे आणि घणसोलीत त्यांच्या वसाहती झाल्या. एका घराचे तीन मजले झाले, वरचे दोन भाड्याने. गावाकडच्या मंडळाच्या पाट्या जिन्याखाली आहेत.

माफको हे राज्य सरकारचे महामंडळ होते. ते बंद पडले. इथे माफको मार्केट हे नाव राहिले.

कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती वर्षानुवर्षे अतिधोकादायक ठरल्या आहेत. व्यवहार त्याच छताखाली होतो.

सानपाडा गावाला भातशेती होती, खाजण होते. नवी मुंबईसाठी सिडको 1970 ला स्थापन झाली, जमिनी गेल्या. जानेवारी 1984 ला उरणच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच माणसे गोळीबारात मेली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड त्यानंतर मिळाले. त्यांवर इमारती आहेत. कणगी ठेवायला घरात जागा नाही आणि ठेवायला भात नाही.

खाडीत जिताडा मिळे. निवट्या मिळत. पाग खांद्यावर टाकून भरतीची वेळ बघणारा माणूस पाम बीच रस्त्यावर आता क्वचित दिसतो. तिसऱ्या खाडीपुलाने मासेमारी बुडते म्हणून वाशीगावची मरिआई मच्छीमार संस्था उच्च न्यायालयात गेली. 2021 ला न्यायालयाने भरपाईचा हक्क मानला. पुलाची एक बाजू 2024 ला खुली झाली.

सेक्टरमधली कोपऱ्यावरची किराणा दुकाने बंद होत आहेत. महिन्याची यादी वाण्याकडे चिठ्ठीवर जाई, उधारी लाल वहीत. त्याच गाळ्यांत आता काचा आतून झाकलेल्या असतात. आत फळ्यांवर माल, बाहेर दुचाक्यांची रांग. दहा मिनिटांत पिशवी दारात येते. पिशवी आणणाऱ्यांत माथाडींची मुले आहेत.

बापाकडे बिल्ला होता, नंबर होता. माथाडी कायदा 1969 चा. त्यातून मंडळे उभी राहिली, हजेरी, बोनस, भविष्य निर्वाह निधी मिळाला. मुलाचे नाव कोणत्याही माथाडी मंडळाच्या पटावर नाही.